हिरा डोंगरीपासून एव्हरेस्टपर्यंत

वसईतल्या गिरीजच्या हिरा डोंगरीवर दत्ताच्या दर्शनाला जाताना पायऱ्यांवर फार तर थोडी धाप लागते. वज्रगड म्हणतात तो हाच. खाली वाड्या, माडांचे शेंडे, पलीकडे समुद्र. हवा खारी, दमट आणि दाट. बर्फ इथे मासळीच्या पेटीतच दिसतो. अशा वसईत वाढलेला, पंचविशीतला इंजिनिअर हर्षवर्धन जोशी 23 मे 2021 रोजी 8,848.86 मीटर उंचीच्या एव्हरेस्टवर पोहोचला. वसईने या चढाईचं कौतुक केलं. मला मात्र त्याआधीचे दिवस अधिक मोलाचे वाटतात.

‘वर प्राणवायू कमी असतो’ असं आपण सहज म्हणतो. खरं तर हवेतलं त्याचं प्रमाण गिरीजमध्ये असतं तेवढंच, सुमारे 21 टक्के, शिखरावरही असतं. घटतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पला, म्हणजे साधारण 5,360 मीटरवर, तो समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो, तर शिखरावर तिसरा हिस्साच उरतो. म्हणून गिर्यारोहक वरच्या कॅम्पपर्यंत चढतात आणि झोपायला पुन्हा खाली येतात. शरीर हळूहळू जुळवून घेतं: श्वास जलद होतो, त्याने रक्तात वाढलेला अल्कलीपणा मूत्रपिंडं सावरतात, तांबड्या पेशी वाढू लागतात. या शेवटच्या कामाला काही आठवडे लागतात. पैसा, जिद्द, दंडातलं बळ, कशानेही ते लवकर उरकत नाही.

त्या वर्षी बेस कॅम्पवर कोरोना पोहोचला. कोरड्या, गार हवेने तिथे एरवीही सगळे खोकतात. ‘खुंबू खोकला’ हे नाव त्यालाच मिळालेलं. त्यामुळे साधा खोकला कुठला आणि आजार कुठला, हे ओळखणं कठीण होतं. हर्षवर्धनची चाचणी पॉझिटिव्ह आली. जिथे निरोगी फुप्फुसंही थकतात तिथे ही बातमी ऐकायची, वेगळं राहायचं आणि बरं होईपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात मला खरं धैर्य दिसतं.

तोवर हवामान फिरलं. ‘तौक्ते’ वादळ 17 मे रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं. वसईत केळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली. त्याच वादळाच्या बाष्पाने पुढे हिमालयात बर्फ टाकला आणि एव्हरेस्टच्या चढायांचं वेळापत्रक विस्कटलं. इकडे आपण पडलेली झाडं उचलत होतो, तिकडे आपल्या गावचा मुलगा त्याच वादळाच्या पलीकडच्या टोकाला आभाळ निवळण्याची वाट पाहत होता. पाठोपाठ बंगालच्या उपसागरात ‘यास’ तयार होत होतं. या दोन वादळांच्या मधल्या फटीत त्याची चढाई झाली.

महाराष्ट्राला हे शिखर नवं नव्हतं. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण 1998 मध्येच तिथे पोहोचले होते आणि 2012 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिप्रेमी’चा मोठा संघ शिखरावर गेला. या यशांमागे शेर्पांचे श्रम आहेत. 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळला आणि 16 नेपाळी कामगार गेले. शिखरावरचा फोटो पाहताना त्यांना विसरू नये.

गिरीजच्या मुलामुलींनो, बर्फाची ओढ असेल तर थेट शिखराच्या जाहिरातीला भुलू नका. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 पासून आणि उत्तरकाशीची नेहरू संस्था 1965 पासून गिर्यारोहण शिकवते आहे. आधी तिथला बेसिक कोर्स करा. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तरच पुढच्या अॅडव्हान्स कोर्सला घेतात.