ध्रुवतारा ढळतो तेव्हा

'हॉकी' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात, हिरवळीचे मैदान उभे राहते. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. आपल्या खेळाला तेथे 'फील्ड हॉकी' असे वेगळे विशेषण लावावे लागते. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असे गोठवलेले बर्फाचे अंगण, प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू, पायांत धारदार पाते बसवलेले बूट आणि चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची कडक रबराची चकती. तिला म्हणतात 'पक'. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. वेग एवढा की नवख्याला पक दिसतच नाही. तो कोठे आहे हे खेळाडूंच्या माना कोणीकडे वळल्या यावरून ताडावे लागते. मिनेसोटा राज्यात काढलेल्या चार हिवाळ्यांत मला या खेळाचे वेड लागले आणि ते आजतागायत उतरलेले नाही.

परंतु या लेखाचा विषय खेळाचे नियम हा नाही. तेथील संघ गाव बदलतात, सोबती बदलतात, आणि अशा वेळी त्यांच्यावर जीव लावून बसलेल्या माणसाचे काय होते, हा आहे. मुंबईचा रणजी संघ उद्या कोणी विकत घेऊन कोइमतूरला नेला, अशी कल्पनाही आपल्याला करवत नाही. आयपीएलमुळे पुणेकरांना या प्रकाराची थोडी चव मिळाली आहे. २०११ ते २०१३ या काळात एक आणि २०१६-१७ मध्ये दुसरा, असे दोन संघ पुण्याच्या नावाने आले आणि गेले. पण दोन-तीन वर्षांच्या पाहुण्यावर जीव जडायला वेळ तरी कोठे मिळाला? मिनेसोटातला संघ सव्वीस हंगाम तेथे नांदला होता.

त्याची हकीकत अशी. व्यावसायिक बर्फ-हॉकीची सर्वात मोठी संघटना म्हणजे नॅशनल हॉकी लीग, संक्षेपाने एनएचएल. ती १९१७ साली माँट्रियल येथे स्थापन झाली. १९४२ पासून पंचवीस वर्षे तिच्यात अवघे सहा संघ होते. १९६७ साली एकदम आणखी सहांची भर पडली आणि त्यांत एक संघ मिनेसोटाच्या वाट्याला आला. त्याचे नाव 'नॉर्थ स्टार्स'. मिनेसोटाचे फ्रेंच भाषेतील बोधवाक्य 'उत्तरेचा तारा' या अर्थाचे आहे, त्यावरून हे नाव पडले. उत्तरेचा तारा म्हणजे आपला ध्रुवच! १९९१ साली हा संघ अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीपर्यंत पोहोचला आणि पिट्सबर्गकडून हरला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, मालक नॉर्म ग्रीन यांनी तो उचलून टेक्सासमधील डॅलस शहरी नेला. नावातला 'नॉर्थ' गळाला, 'स्टार्स' तेवढे राहिले. टेक्सासला 'एकुलत्या ताऱ्याचे राज्य' म्हणतातच, त्यामुळे उरलेले नाव तेथे अलगद बसले. ध्रुवबाळाला अढळपद मिळाल्याची कथा आपण आजीकडून ऐकलेली असते. हा ध्रुव मात्र सामानासकट दक्षिणेला गेला. १९९४ साली त्याचे जुने क्रीडागृह पाडण्यात आले आणि १९९९ साली डॅलसने स्टॅनली कप जिंकला.

असे होऊ शकते याचे कारण संघाच्या व्याख्येतच आहे. व्यावसायिक संघ म्हणजे एका ठरावीक प्रदेशात लीगचे सामने खेळण्याचा परवाना, खेळाडूंशी केलेले करार, नाव, रंग आणि बोधचिन्ह. ही सगळी मालकाची मालमत्ता. इतर मालकांनी संमती दिली की ती हलवता येते. प्रेक्षकाच्या हाती असते फक्त तिकीट.

१९९० नंतरच्या दशकात ही हलवाहलव फार झाली. १९७२ ते १९७९ या काळात एनएचएलला टक्कर देणारी दुसरी एक लीग होती. ती बंद पडताना तिच्यातील एडमंटन, क्वेबेक, विनिपेग आणि हार्टफर्ड हे चार संघ एनएचएलमध्ये घेण्यात आले. त्यांपैकी क्वेबेकचा संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला, विनिपेगचा १९९६ मध्ये फिनिक्सला आणि हार्टफर्डचा १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला गेला. एकटे एडमंटन टिकले. कारणे उघड होती. कॅनडातील संघांची तिकिटे विकली जात कॅनडाच्या डॉलरमध्ये आणि खेळाडूंचे पगार द्यावे लागत अमेरिकी डॉलरमध्ये. त्या वेळी कॅनडाच्या डॉलरला अमेरिकेचे पाऊण डॉलरही मिळत नव्हते. पगारांवर कमाल मर्यादा आली ती २००५ मध्ये, म्हणजे वरात निघून गेल्यावर. शिवाय श्रीमंत कंपन्यांसाठी खास कक्ष असलेली नवी क्रीडागृहे हवी होती, आणि वेन ग्रेट्झ्कीसारखा खेळाडू १९८८ मध्ये लॉस एंजेलिसला गेल्यापासून उष्ण प्रदेशातही हा खेळ खपतो अशी खात्री मालकांना वाटू लागली होती.

यांत सर्वात क्रूर थट्टा झाली ती क्वेबेककरांची. संघ काही वर्षे तळाशी होता. अशा संघाला नवोदित खेळाडू आधी निवडता येतात. लोकांनी पराभव सोसले, गुणी पोरे जमा होताना पाहिली, आणि पीक तयार झाले तेव्हा शेतच उचलले गेले. डेन्व्हरला पोहोचल्यावर पहिल्याच हंगामात, १९९६ मध्ये, त्या संघाने स्टॅनली कप जिंकला. २०१५ मध्ये क्वेबेक शहराने सुमारे अठरा हजार आसनांचे नवे क्रीडागृह उभारले. एनएचएलचा संघ तेथे अद्याप आलेला नाही.

हार्टफर्ड हे तसे लहान शहर, विमा कंपन्यांचे. १९७८ च्या जानेवारीत त्याच्या क्रीडागृहाचे छप्पर बर्फाच्या भाराने कोसळले. सुदैवाने प्रेक्षक काही तासांपूर्वीच घरी गेलेले होते. संघाने शेजारच्या स्प्रिंगफील्डमध्ये बिऱ्हाड केले आणि १९८० मध्ये तो परतला. त्याच हंगामात गॉर्डी हाव हा एक्कावन्न वर्षांचा बाप आपल्या दोन मुलांच्या बरोबरीने त्या संघातून खेळला. अशा आठवणी ज्या गावाच्या, त्या गावाकडे आज संघ नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या संघाने २०१८ पासून अधूनमधून हार्टफर्डचा जुना हिरवा पोशाख घालून सामने खेळायला सुरुवात केली. पोशाखाचे हक्क त्यांच्याकडे असल्याने कायद्याने यात काही वावगे नाही; तरी मला ते पाहवत नाही.

गंमत अशी की इतिहासाचा सातबाराही मालकाच्याच नावे असतो. २०११ मध्ये अटलांटाचा संघ विनिपेगला आला आणि त्याने 'जेट्स' हे जुने नाव धारण केले. लोकांनी आनंदाश्रू ढाळले. पण लीगच्या दप्तरी या जेट्सच्या मागे इतिहास लागतो तो अटलांटाचा; जुन्या जेट्सचे विक्रम फिनिक्सच्या खात्यात गेलेले. आजोबांनी पाहिलेले गोल नातवाच्या संघाचे नाहीत, असे सांगणारी ही वही कोणत्या प्रेक्षकाने मानावी?

मालकांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. फिनिक्सजवळच्या वाळवंटात लहानाचा मोठा झालेला ऑस्टन मॅथ्यूज त्याच स्थलांतरित संघाचे सामने पाहून हॉकीकडे वळला आणि २०१६ मध्ये नवोदितांच्या निवडीत पहिला आला. एका गावचे नुकसान हा दुसऱ्या गावच्या पोराचा लाभ असतो. मिनेसोटालाही २००० मध्ये नवा संघ मिळाला. त्याचे नाव 'वाइल्ड'. जुने नाव परत मिळाले नाही.

आता महाविद्यालयीन संघांकडे वळू. विद्यापीठाचा संघ विकता येत नाही आणि विद्यापीठ काही टेक्सासला जात नाही. मिनेसोटा विद्यापीठाचा 'गोफर्स' संघ तर अनेक वर्षे जवळजवळ सगळा त्याच राज्यातील मुलांचा असे. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवणाऱ्या अमेरिकी संघात वीसपैकी बारा खेळाडू मिनेसोटाचे होते आणि प्रशिक्षक हर्ब ब्रुक्सही तेथलेच. नॉर्थ स्टार्स गेल्यावर अनेकांनी गोफर्सकडे पाहून समाधान मानले. हा तरी कोठे जात नाही!

संघ गेला नाही, शेजार गेला. महाविद्यालयीन संघ 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेले असतात आणि हंगामातले बहुतेक सामने गटातच होतात. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा हे हाडवैरी १९५१ पासून एका गटात होते. २०१० मध्ये टेरी पेगुला या धनिकाने पेनसिल्व्हेनियातील पेन स्टेट विद्यापीठाला हॉकीसाठी ८ कोटी ८० लाख डॉलर दिले. फुटबॉलसाठी प्रसिद्ध असलेल्या 'बिग टेन' या बड्या विद्यापीठांच्या गटात त्यामुळे हॉकीचे सहा संघ झाले, आणि सहा संघ झाले की स्वतंत्र गट काढता येतो. त्यांची दूरचित्रवाणी वाहिनी आधीपासून होतीच. २०१३ मध्ये मिनेसोटा तिकडे गेले. नॉर्थ डकोटा, डेन्व्हर वगैरे बलवानांनी आपला वेगळा गट केला. एका देणगीने साऱ्या पश्चिमेचे वेळापत्रक मोडले. दोघा वैऱ्यांची गाठ पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पडली. एक गडी कमी असताना, ०.६ सेकंद उरलेले असताना मिनेसोटाने गोल करून सामना २-१ असा जिंकला. असा सामना दर हिवाळ्यात होण्याऐवजी नशिबावर सोडायचा, हा शहाणपणा माझ्या पचनी पडलेला नाही.

मोठ्यांच्या या हालचालीत चेंगरले ते लहान. मिशिगन टेक आणि लेक सुपीरियर स्टेट या छोट्या विद्यापीठांनी प्रत्येकी तीन वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलेले आहे. तेही मागे उरलेल्यांत होते. २०२१ मध्ये उरलेल्यांपैकी सात जणांनीही नवी चूल मांडली. बाहेर राहिले अलास्कातील दोन आणि अलाबामातील हंट्सव्हिल, कारण तिकडचा प्रवास महाग. हंट्सव्हिलला नवा गट मिळाला नाही आणि त्यांचा पुरुष संघ त्याच वर्षी बंद झाला. अँकरेजचा संघही बंद पडणार होता. लोकांनी सुमारे तीस लाख डॉलर वर्गणी जमवली आणि २०२२ मध्ये तो पुन्हा बर्फावर उतरला. व्यावसायिक संघाच्या प्रेक्षकाला ही वाट उपलब्ध नसते.

दोन्ही जगांची गाठ पडली ती ॲरिझोनात. विनिपेगहून गेलेल्या त्या संघाला क्रीडागृह उरले नाही, म्हणून २०२२ पासून दोन हंगाम तो ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या सुमारे पाच हजार आसनांच्या क्रीडागृहात भाडेकरू म्हणून राहिला. जगातली सर्वात श्रीमंत हॉकी लीग विद्यार्थ्यांच्या घरी पोटभाडेकरू! २०२३ मध्ये टेंपी शहराच्या मतदारांनी नव्या क्रीडागृहाची योजना फेटाळली, २०२४ मध्ये खेळाडू युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीला गेले. विद्यार्थ्यांचा संघ आहे तेथेच आहे.

मात्र महाविद्यालयांतही आता वारे बदलले आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर पैसे मिळवता येतात आणि एक वर्ष न गमावता विद्यापीठ बदलता येते. कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांना पूर्वी दार बंद होते, ते २०२५ मध्ये उघडले. गॅव्हिन मॅकेना हा तिकडचा नामांकित तरुण खेळाडू लगेच पेन स्टेटला आला. सामन्याच्या पत्रिकेत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचे गाव छापलेले असते आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात आधीचा संघ. मी पूर्वी फक्त गाव वाचत असे. हल्ली शेजारचा रकानाही वाचावा लागतो.