रोवणीचा दिवस आणि फॉक्सोची पाळी

पहाटे साडेचार. जुलै. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या कुठल्याही गावात साठी ओलांडलेली रोवणीवाली, म्हणजे भाताची रोपं लावणारी बाई, या वेळी उठते. रात्री जेवून बराच वेळ झालेला, रक्तात इन्सुलिन कमी. अशा वेळी स्नायूंच्या पेशींत फॉक्सो नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि ठरावीक जनुकं चालू करतं. मग खराब झालेली प्रथिनं मोडली जातात, साफसफाई होते.

सहा. चहा, रात्रीचा भात. इन्सुलिन वाढतं. एकेटी हे दुसरं प्रथिन फॉक्सोला फॉस्फेट चिकटवून केंद्रकाबाहेर काढतं. मोडणं मंदावतं, बांधणं सुरू होतं.

आठ ते एक. चिखलात पाय रोवून, वाकून, मागे सरकत पऱ्हे लावायचे. याचं कौतुक करू नये, यात कंबर जाते. पण मांड्या आणि पोटऱ्यांना काम मिळतं, आणि काम मिळालेला स्नायू टिकतो.

एक. धुऱ्यावर शिदोरी. भाताचा ढीग, लाखोळीची डाळ जेमतेम. खरं तर उतारवयात स्नायू राखायला प्रथिन जास्त लागतं. बायकांच्या ताटात ते अनेकदा कमी पडतं.

दोन ते सहा. पुन्हा बांधी.

रात्री नऊ. ती आडवी होते. फॉक्सोबद्दल प्रयोगशाळांत काय दिसलं, ते आता सांगतो. 2010 साली फाबिओ डेमॉन्टिस आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी फळमाश्यांच्या स्नायूंत फॉक्सो वाढवला. स्नायूंत खराब प्रथिनांच्या गाठी कमी झाल्या, माश्या जास्त जगल्या. नवल म्हणजे डोळे आणि मेंदूतल्या गाठीही घटल्या. 2008 साली हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत फॉक्सो-3 जनुकाच्या एका प्रकाराचा दीर्घायुष्याशी संबंध दिसला होता. पण त्याआधीच, 2004 मध्ये, उंदरांच्या स्नायूंत फॉक्सो-3 सतत चालू ठेवल्यावर स्नायू झपाट्याने झिजले होते. आजारात, उपासमारीत, अंथरुणाला खिळल्यावर हाच फॉक्सो स्नायू खातो.

म्हणजे त्यानं पाळीनं यावं आणि पाळीनं जावं. रोवणी संपली की आजीला खाटेवर बसवून ठेवू नका. चालू द्या, ताटात डाळ वाढा. आणि फॉक्सो वाढवून आयुष्य वाढवणारी पावडर कुणी विकायला आणली, तर त्याला एवढंच विचारा: चोवीस तासांतून तो बंद कधी करायचा?