वाट शोधणारा झेब्रा

सास्तूरहून सोलापूरला निघालेल्या माणसाला कुणी सांगितले, की लोहाऱ्याचा रस्ता आज बंद आहे, तर तो उमरग्यावरून जातो. आपल्या शाळेतून निघालेला संगणकाचा संदेशही असाच नाक्यानाक्यावर वाट विचारत जातो. त्या नाक्यावरच्या यंत्राला रूटर म्हणतात.

रूटरची कामे दोन. आलेले पुडके पुढे ढकलणे हे हमालाचे. कोणते कुठल्या वाटेने जाईल हे ठरवणे एस.टी.च्या कंट्रोलरचे. ओएसपीएफ नावाच्या रिवाजात रूटर शेजाऱ्याला सहसा दर 10 सेकंदांनी ‘मी आहे’ असे कळवतो. 40 सेकंद हाक आली नाही, की शेजारी ती वाट बंद धरतो आणि सगळ्यांना सांगतो. मग जो तो नकाशा नव्याने मांडून जवळची वाट काढतो. ही रीत डच शास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी 1959 साली प्रसिद्ध केली.

हे डोके बहुधा कंपनीच्या पेटीत कुलूपबंद विकत मिळे. 1996 साली जपानच्या कुनिहिरो इशिगुरो यांनी ते लिनक्ससारख्या, युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालीवर साध्या संगणकात चालेल असे लिहायला घेतले. नाव ठेवले झेब्रा, आणि सारे खुले केले: वाचा, बदला, वाटा. पुढे काम थंडावले तेव्हा इतरांनी ते उचलून ‘क्वागा’ चालू केली. (क्वागा ही आफ्रिकेतली झेब्र्याची नामशेष जात, शेवटचे जनावर 1883 साली ॲमस्टरडॅमला मेले. नाव जरा अशुभच म्हणायचे!) क्वागाही मंदावली, तेव्हा तिच्यातून 2017 साली एफआरआर निघाली. ती आजही चालू आहे. लिहिणारे बदलले, पण लिहिलेले कुणाच्या कपाटात अडकले नाही. शिक्षकांनी दोन-तीन जुन्या संगणकांवर ती बसवली, तर मुलांना वाट बदलताना डोळ्यांनी दिसते, तेही फुकटात.

पण हुशारीलाही मर्यादा आहे. 30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या तारा तुटल्या, भारतातले इंटरनेट रखडले. तरी पूर्वेकडून बरीच वाहतूक वळवता आली, कारण तिकडे तार होती. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप सोसलेल्या सास्तूरला तुटलेपण समजावून सांगायला नको. गावाला येणारी तार एकच असेल आणि ती खोदकामात तुटली, तर आज्ञावलीने वाट काढायची कुठून? ग्रामपंचायतीत तारेची गोष्ट निघाली, की दराबरोबर हेही विचारावे, की दुसरी तार कोणत्या बाजूने येते. दोन्ही एकाच चरातून येत असतील, तर ती एकच धरावी.