पुण्यातील व्यावसायिक फुटबॉल संघ : यश आणि अर्थकारण

व्यावसायिक फुटबॉल संघाचे उत्पन्न प्रामुख्याने तिकीटविक्री, प्रक्षेपण हक्क, प्रायोजक आणि खेळाडूंचे हस्तांतरण यांतून मिळते. पुण्यातील संघांचा भार मात्र मुख्यतः मालक उद्योगसमूहांनीच वाहिला.

अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला पुणे एफ.सी. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. कल्याणी समूहाचा भारत एफ.सी. २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. दरम्यान, २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगकडे प्रायोजक व प्रेक्षक वळले आणि २०१५ मध्ये दोन्ही संघांनी आय-लीगमधून माघार घेतली. नव्या स्पर्धेतील एफ.सी. पुणे सिटी २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीत पोहोचला. तथापि, मालक वाधवान समूह आर्थिक अडचणीत येताच २०१९ मध्ये तोही संपुष्टात आला व त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली.

यावरून मैदानावरील यश संघाला तारू शकत नाही, हे स्पष्ट होते. बालेवाडीचे क्रीडासंकुल शासनाचे असल्याने मैदानही संघांच्या मालकीचे नव्हते. खेळाडू घडविणारी अकादमी हीच त्यांची खरी मिळकत होती. पुणे एफ.सी.च्या अकादमीतून पुढे आलेला केरळचा आशिक कुरुनियन एफ.सी. पुणे सिटीकडून खेळला, भारतीय संघात पोहोचला आणि २०१९ मध्ये बंगळुरू एफ.सी.मध्ये गेला. नामवंत खेळाडूस दुसरा संघ मिळतो. अकादमीतील होतकरू मुलांची वाट मात्र संघाबरोबरच खुंटते. म्हणून एकाच मालकावर विसंबून न राहता उत्पन्नाचे अनेक स्रोत उभारणे, ही संघाच्या स्थैर्याची पहिली अट ठरते.