एकदाच काय वापरावे, पुन्हा पुन्हा काय वापरावे?

संध्याकाळची भेटीची वेळ संपली की आमच्या रुग्णालयातून दोन वाटांनी कचरा बाहेर पडतो. पहिली वाट रंगीत पिशव्यांची. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने माखलेले बोळे पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, सुया न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि औषधांच्या काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात जातात. दुसरी वाट रुग्णांच्या सोबत्यांची. चहाचे कागदी कप, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, खानावळीतून आमटी-भाजी बांधून आणलेल्या पातळ पिशव्या, बाळांचे डायपर आणि कागदी रुमाल असे पुष्कळ काही या वाटेने जाते.

पहिल्या वाटेवरील वस्तू एकदा वापरून टाकून देण्यामागे एक सबळ कारण आहे. दुसऱ्या वाटेवरील बहुतेक वस्तूंना मात्र क्षणभराच्या सोयीपलीकडे कारण नाही. हा फरक नीट समजून घेतला, तर घरातील कोणती वस्तू बदलावी आणि कोणती मुळीच बदलू नये, हे ठरविणे सोपे जाते. म्हणून यंदाच्या अहवालात हा विषय आम्ही थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांना काचेच्या सिरिंजचे दिवस आठवतात. तीच सिरिंज आणि तीच सुई उकळून पुन्हा वापरली जाई. उकळणे पुरेसे झाले नाही, तर एकाच्या रक्तातील विषाणू दुसऱ्याच्या शरीरात जाण्याचा धोका असे. हिपॅटायटिस बी आणि पुढे एचआयव्ही यांचे स्वरूप स्पष्ट झाल्यावर ‘एक सुई, एक रुग्ण, एकच वेळ’ हा नियम सर्वत्र रूढ झाला. तो मोडल्यास काय होते, हे २००९ च्या आरंभी गुजरातमधील मोडासा परिसरात दिसले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरात आल्यामुळे तेथे हिपॅटायटिस बी ची मोठी साथ उद्भवली आणि अनेकांचे प्राण गेले. तेव्हा ‘वापरा आणि टाका’ या पद्धतीला आम्ही सरसकट नावे ठेवू शकत नाही. तिने माणसे वाचविली आहेत.

परंतु सुईसाठी योग्य असलेला हा नियम हळूहळू चहाच्या कपाला, ताटाला आणि हात पुसण्याच्या फडक्यालाही लागू झाला. ‘डिस्पोजेबल म्हणजे स्वच्छ’ अशी समजूत घरोघरी पक्की झाली. वास्तविक सुई रक्तात शिरते, पेला केवळ ओठांना लागतो. स्टीलचा पेला साबणाने घासून गरम पाण्याने धुतला व कोरडा केला, की रोजच्या वापरासाठी तो पुरेसा स्वच्छ होतो. कारखान्यातून आलेला कप मात्र कोणत्या पोत्यात, किती हातांतून आला, हे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नसते.

शिवाय कागदी कप हा निव्वळ कागद नसतो. चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की ८५ ते ९० अंश सेल्सिअस तापमानाचे १०० मिलिलिटर पेय अशा कपात १५ मिनिटे राहिले, तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिककण उतरतात. त्यांचे शरीरावर नेमके काय परिणाम होतात, यावर अभ्यास चालू आहे. आम्ही त्याची भीती घालू इच्छित नाही. पण टाळता येण्याजोगी गोष्ट टाळावी, एवढे तरी म्हणता येईल. हाच थर असल्यामुळे असा कप सहजासहजी कुजत नाही आणि रद्दीवालाही तो घेत नाही.

आणखी एक गोष्ट रुग्णालयाच्या अनुभवातली. टाकून दिलेला कप, करवंटी किंवा बाटलीचे अर्धे तुटलेले बूड पावसाळ्यात पाण्याने भरते. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घाणेरड्या गटारात नव्हे, तर अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुराची कारणे अनेक होती. नाल्यांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हे त्यांपैकी एक. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. कचरा आणि आजार यांचे नाते इतके जवळचे आहे.

कायद्यानेही या दिशेने पावले टाकली. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी जाहीर केली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकच्या ताटल्या, कप, चमचे, नळ्या इत्यादींवर बंदी आली. तथापि एक टाकाऊ वस्तू जाऊन तिच्या जागी दुसरी टाकाऊ वस्तू आली, तर फार काही साधत नाही.

आमच्या उपाहारगृहात स्टीलचे पेले सुरू केले, तेव्हाचा अनुभव प्रांजळपणे सांगतो. पहिल्या काही दिवसांतच तक्रारी आल्या. पेल्यांना दुधाचा वास येई, काही पेले ओलेच एकात एक रचलेले असत. तक्रारी रास्त होत्या. पेले बदलले, पण धुण्याची सोय आम्ही वाढविली नव्हती. नंतर गरम पाण्याचा स्वतंत्र हौद, निथळण्यासाठी जाळीची मांडणी आणि या कामासाठी आणखी एक माणूस, एवढी व्यवस्था केल्यावर कुरकुर थांबली. पुन्हा वापरायची वस्तू विकत घेणे हे अर्धेच काम असते. ती धुणार कोण, वाळणार कुठे, याचे उत्तर आधी तयार हवे.

हीच गोष्ट घरातील लंगोटांना लागू पडते. आमच्या प्रसूती विभागातून घरी जाणाऱ्या माता हमखास विचारतात, ‘डायपर वापरू की कापड?’ नवजात बाळ दिवसातून अनेकदा ओले करते, हे सर्वांना ठाऊक आहे. डायपरमधील रासायनिक भुकटी ओलावा शोषून त्याची लगदी करते. म्हणून ते कोरडे भासते आणि वेळेवर बदलले जात नाही. मांड्यांच्या घड्यांत पुरळ येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. जुन्या सुती साडीचे वा धोतराचे मऊ लंगोट आणि दुपटी बाळंतविड्यात असत, ती परंपरा शहाणपणाची होती. मात्र नियम पाळावेत. शी लागलेला लंगोट लगेच खळबळून घ्यावा, साध्या साबणाने गरम पाण्यात धुवावा, साबण पूर्ण निघेपर्यंत पिळावा आणि उन्हात वाळवावा. कापड मऊ करणारी सुगंधी द्रव्ये वापरू नयेत, त्यांनी कापडाची शोषण्याची शक्ती कमी होते. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा इस्त्री फिरवावी. प्रवासात किंवा रात्री एखादा डायपर वापरला, तर मातेने अपराधी वाटून घेऊ नये.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या बाबतीत आमचा सल्ला अधिक सावध आहे. तेथे त्वचा कोरडी ठेवणे आणि दर दोन तासांनी कूस बदलणे याला पहिले महत्त्व. दिवसा, जागे माणूस जवळ असताना, मेणकापडावर सुती चादरीची घडी चालते. रात्री डायपर बांधावा लागला तर बांधावा. घरी शुश्रूषा बहुधा एखाद्या सुनेच्या किंवा मुलीच्या अंगावर पडते, आणि पर्यावरणाच्या नावाखाली तिच्या धुण्याचा ढीग दुप्पट करणे आम्हाला मान्य नाही. पुरुषांनी बादली उचलली, तर हा प्रश्न बराच हलका होईल.

मासिक पाळीतील कापडाविषयी अजूनही कुजबुजतच बोलले जाते. कापड वाईट नाही. ते लपवून, अंधाऱ्या कोपऱ्यात ओलसर वाळविणे वाईट. रक्ताचे डाग आधी गार पाण्यात धुवावेत, गरम पाण्याने ते पक्के होतात. त्यानंतर साबण, आणि मग सर्वांदेखत ऊन. सिलिकॉनचा कप नीट निगा राखल्यास अनेक वर्षे टिकतो, दोन पाळ्यांच्या मध्ये तो उकळावा लागतो. ज्यांना पाण्याची वा एकांताची सोय नाही, त्यांनी तयार पॅड अवश्य वापरावेत, पण ते कागदात गुंडाळून, खूण करून, वेगळे द्यावेत. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’च्या कचरावेचक भगिनींनी हा विषय सातत्याने मांडला आहे, कारण उघडे पॅड त्यांनाच हातांनी वेगळे करावे लागतात. शौचालयात तर पॅड वा डायपर कधीही टाकू नये. आमच्याही नळवाहिन्या त्यामुळे अनेकदा तुंबल्या आहेत.

कापडी पिशवीबद्दल एक सावधगिरी. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तापमानवाढीच्या दृष्टीने नवी सुती पिशवी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा सरस ठरण्यासाठी ती किमान १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकविणे, सूत कातणे, विणणे यांत पाणी व वीज खर्ची पडतेच. तेव्हा समारंभांत वाटल्या जाणाऱ्या छापील पिशव्यांचा घरात ढीग लावणे हे पर्यावरणाचे काम नव्हे. जुन्या पडद्याची किंवा पायजम्याची शिवलेली एक पिशवी दाराच्या खुंटीला असली, की पुरे.

स्वयंपाकघरात कागदी रुमालाऐवजी फडके वापरताना ते रोज धुऊन वाळलेच पाहिजे. दिवसभर ओला राहिलेला मसोता जंतूंचे आगर बनतो. बाळाला वरचे दूध द्यावे लागले, तर प्लॅस्टिकच्या बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडले चांगले, कारण ते सहज घासता व उकळता येते.

आणि जे पुन्हा वापरू नये, तेही स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. मधुमेहींच्या घरी बोटातून रक्त काढण्याची सुई एकमेकांत कधीही वाटून वापरू नये. जखमेवरची पट्टी आणि लघवीच्या नळीची पिशवीही या काटकसरीतून वगळावी. इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकू नका. जाड प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात साठवा आणि पुढच्या तपासणीला येताना सोबत आणा. आम्ही त्या पांढऱ्या डब्यात घालू.

रुग्णासोबत मुक्कामी येणाऱ्या कुटुंबीयांना नम्र विनंती, की एक ताट, एक पेला, पाण्याची बाटली आणि दोन पंचे बरोबर आणावेत. देणगीदारांनाही एक छोटे मागणे आहे. आमच्या शिवणखोलीत जुन्या कापडाची दुपटी आणि औषधे घरी नेण्याच्या पिशव्या शिवल्या जातात. घरात मऊ पडलेली सुती धोतरे, साड्या, चादरी असतील, तर धुऊन, कोरड्या करून कपडेपट विभागात द्याव्यात. नायलॉन व टेरिलिन उपयोगी पडत नाही. साडीला जरीचा काठ असल्यास तो आधी उसवून ठेवावा, बाळाच्या अंगाला टोचतो.