लाईट गेली तरी तपासणी थांबू नये

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्या, असे आम्ही कार्यकर्ते वस्तीवस्तीत सांगत असतो. लोक ऐकतातही. परंतु कामावर खाडा करून दवाखान्यात गेलेल्या माणसाला ‘लाईट नाही, उद्या या’ असे उत्तर मिळाले, तर तो उद्या जाईलच याची खात्री कोणी द्यावी? उद्याचा खाडा त्याला परवडत नाही. तो घरी बसतो, खोकत राहतो आणि एकाच खोलीत झोपणाऱ्या लेकराबाळांना आजार देत राहतो.

म्हणूनच क्षयरोगाचा विचार करताना औषधांइतकाच प्रयोगशाळेतील यंत्रांचाही विचार केला पाहिजे. यंत्र वीज किती घेते, हाताळणाऱ्याला अपाय करते काय आणि ते चालवायला सोपे आहे काय, हे प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचे नाहीत. ते आपल्या घरचे प्रश्न आहेत.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचेच पाहा. शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांत आपली माणसे राबतात. ओतकामातील वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि अशा माणसाला क्षयाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणारी कुटुंबे दाटीवाटीने राहतात. तिकडे गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या तालुक्यांत पावसाळ्यात झाडे पडतात, तारा तुटतात, लाईट जाते. आजार मात्र लाईट येण्याची वाट पाहत थांबत नाही.

क्षयाचा जंतू शोधल्याचे रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिन येथे जाहीर केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत झील-नेल्सन ही रंगपद्धत रूढ झाली. बेडक्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरायचा, त्यावर लाल रंगाचे द्रावण ओतायचे आणि खालून ज्योत धरून वाफ येईपर्यंत तापवायचे. नंतर आम्लाने धुऊन निळा रंग द्यायचा. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या की क्षय आहे असे समजायचे. ही पद्धत स्वस्त आहे व तिने असंख्य रोगी शोधून दिले. परंतु त्या रंगात फिनॉल असते. ते कातडीला भाजते आणि तापवले की त्याची वाफ तंत्रज्ञाच्या नाकातोंडात जाते. शिवाय एकेका काचपट्टीचे शंभर भाग डोळे ताणून पाहावे लागतात. दिवसभर हे काम करणाऱ्याचे डोळे थकणारच, आणि थकलेल्या डोळ्यांकडून जंतू निसटू शकतात.

यावर उपाय म्हणून चमकणाऱ्या रंगाचा सूक्ष्मदर्शक आला. ऑरामाइन हा रंग दिला की काळोख्या पार्श्वभूमीवर जंतू पिवळे-हिरवे चमकतात. त्यासाठी काचपट्टी तापवावी लागत नाही. कमी भिंगशक्तीत मोठा भाग एकदम दिसतो, त्यामुळे वेळ वाचतो आणि जुन्या पद्धतीपेक्षा अधिक रोगी सापडतात. अडचण होती ती दिव्याची. हा सूक्ष्मदर्शक पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यावर चाले. तो दिवा महाग, अतिशय तापणारा, साधारण 200 ते 300 तासांत संपणारा. एकदा बंद केला की थंड होईपर्यंत पुन्हा लावता येत नाही. फुटला तर विषारी पारा खोलीत पसरणार. वर अंधारी खोली पाहिजे ती वेगळीच. इतके लाड मोठ्या शहरातल्या रुग्णालयालाच परवडणार.

पाऱ्याच्या दिव्याच्या जागी एलईडी आला आणि चित्र पालटले. एलईडी फारच थोड्या विजेवर चालतो, गरज पडल्यास बॅटरीवरही चालतो. तो बटण दाबताच लागतो, त्यात पारा नाही आणि त्याला स्वतंत्र अंधारी खोली लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली अशा सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली. आपल्या सरकारी क्षयरोग कार्यक्रमातही ते आले.

मी कारकून माणूस, मला हिशेबाची सवय. एलईडीचे आयुष्य 10,000 तासांहून अधिक असते. पाऱ्याचा दिवा 300 तास टिकला असे धरले, तरी तेवढ्या काळात किमान 33 दिवे बदलावे लागतील. प्रत्येक दिव्याची मागणी, मंजुरी, बिल आणि तो येईपर्यंत बंद पडलेले यंत्र, हा खर्च कोटेशनच्या कागदावर कोठेच दिसत नाही. कोटेशनवर फक्त खरेदीची किंमत असते. खरी किंमत असते ती यंत्र चालवण्याची, आणि ते बंद राहिले तर ती रुग्णाला मोजावी लागते.

पुढचे पाऊल जंतूच्या जनुकावरून रोग ओळखण्याचे. जीनएक्स्पर्ट हे यंत्र, ज्याच्या तपासणीला आपल्याकडे सीबीनॅट म्हणतात, सुमारे दोन तासांत क्षय आहे की नाही हे सांगते. रिफाम्पिसिन हे महत्त्वाचे औषध लागू पडेल की नाही, हेही त्यातून कळते. परंतु त्याला अखंड वीज आणि थंड खोली हवी. ही अडचण ओळखून आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो या कंपनीने ट्रूनॅट आणले. हे लहान यंत्र बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित खोलीची गरज नाही आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावते. सुमारे तासाभरात क्षयाचा निकाल मिळतो. औषधाची पुढची तपासणीही त्याच यंत्रावर होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी कोरोनाच्या तपासणीसाठीही ते देशभर वापरले गेले.

तरीही नवे यंत्र आले म्हणून जुने अडगळीत टाकू नये. जनुकाची तपासणी मेलेला जंतूही दाखवते, म्हणून उपचार लागू पडतो आहे की नाही हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागतोच. आणि यंत्र कितीही सोपे असले तरी प्रशिक्षित माणूस, वेळेवर मिळणाऱ्या चिप व द्रावणे, चार्ज केलेली बॅटरी यांच्याशिवाय ते शोभेची वस्तूच ठरते.

वाचकहो, यात आपल्यालाही करण्यासारखे बरेच आहे. आपल्यापैकी कोणी रुग्ण कल्याण समितीवर असेल, कोणी ग्रामपंचायतीत असेल. यंत्राचे उद्घाटन झाले की टाळ्या वाजवून घरी येऊ नका. आपल्या केंद्रात कोणती तपासणी होते, लाईट गेल्यावर ती चालते काय, तंत्रज्ञाची जागा भरली आहे काय, हातमोजे व मास्क मिळतात काय, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा. बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींनी प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेचाही विचार करावा. हे काम सन्मानाचे आहे.

घरातील माता-भगिनींनीही एवढे लक्षात ठेवावे. थुंकी म्हणजे तोंडातली लाळ नव्हे. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून आलेला बेडका डबीत द्यावा. तो मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहून काढावा. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी बँक खात्यावर पैसेही मिळतात. 2018 साली दरमहा 500 रुपयांनी सुरू झालेली ही मदत नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली आहे. त्यासाठी नाव नोंदवताना बँकेचे पासबुक बरोबर न्यावे.

निदान लवकर झाले तर क्षय बरा होतो. ते लवकर व्हावे यासाठी आपल्या केंद्रातले यंत्र रोज चालू आहे की नाही, यावर आपलीच नजर हवी.