घरपट्टी जाते कोठे आणि वाढते का?



ग्रामपंचायतीचा शिपाई घरपट्टीचे बिल हातावर ठेवतो आणि घरधनी कपाळाला आठ्या घालून विचारतो, "काय हो, मागं एवढी नव्हती! आणि हा पैसा जातो तरी कुठं?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्या कनवटीचा पैसा जातो त्याने हिशेब विचारलाच पाहिजे. मात्र हिशेब विचारायचा तर तो वाचताही आला पाहिजे. तो कसा वाचावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

प्रथम ही पट्टी बसते कशी ते पाहू. आपल्या राज्यातील ग्रामपंचायती 1958 च्या अधिनियमाप्रमाणे चालतात. त्याच्या 124 व्या कलमाने पंचायतीला कर बसविण्याचा अधिकार दिला आहे. घरे व मोकळ्या जागा यांवरील कर, दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी हे त्यांतले नेहमीचे कर. शनिशिंगणापुरात घरांना दारे नसतात म्हणतात. पण दार असो वा नसो, घर आले की घरपट्टी आलीच.

2015 च्या अखेरीस नियम बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर धरली जाऊ लागली. त्यात चार गोष्टी पाहतात. जागेचा सरकारी दर काय, बांधकाम कसले, ते किती जुने, आणि वापर राहण्यासाठी की दुकानासाठी. त्यावरून मूल्य ठरते आणि दर हजारी काही पैसे असा कर बसतो. म्हणून एकाच आळीतल्या दोन सारख्या घरांची पट्टी सारखी नसते. धाब्याचे मातीचे जुने घर आणि नवा स्लॅब यांत फरक पडणारच. ही आकारणी दर चार वर्षांनी पुन्हा करायची असते. मधल्या काळात जागेचे व बांधकामाचे दर चढलेले असतात, कोणी वर माडी चढवलेली असते. पट्टी वाढण्याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण खर्चाचे. पंचायतीचा पैसा मुख्यतः पाण्याच्या मोटारीचे व रस्त्यावरच्या दिव्यांचे वीजबिल, पाणी सोडणारा आणि झाडलोट करणारा यांचे पगार, विहिरीत व टाकीत टाकायची टीसीएल पावडर, फुटलेली पाइपलाइन, तुंबलेली गटारे यांवर जातो. यांतली कोणती वस्तू स्वस्त झाली आहे, सांगा बरे? शिवाय आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरात, माणसे मळ्यांत आणि वस्त्यांवर पांगून राहतात. वस्ती लांब गेली की नळ लांबतो आणि नळ लांबला की खर्चही लांबतो.

"पण सरकार पैसे देतं ना?" असे कोणी म्हणेल. देते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात गावांना दिलेल्या निधीपैकी 60 टक्के पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवला होता. उरलेल्या भागातूनही पगार देण्यास मनाई होती. सरकार विहीर खणून देईल, टाकी बांधून देईल; पण रोज सकाळी कळ दाबणाऱ्याचा पगार गावानेच द्यायचा. लग्नात आहेर मिळतो, म्हणून संसार आहेरावर चालत नाही!

तिसरे कारण मात्र आपल्याच हातचे आहे. समजा, एका गावात 400 नळ आहेत आणि पाणीपट्टी वर्षाला 900 रुपये आहे. मागणी झाली 3 लाख 60 हजार, आणि पाण्याचा खर्चही तेवढाच. आता 100 घरांनी पट्टी भरली नाही. तूट आली 90 हजारांची. ती उरलेल्या 300 नळांवर टाकली, तर प्रत्येकी 300 रुपये वाढले. 900 चे 1200 झाले. म्हणजे शेजाऱ्याची थकबाकी आपल्या बिलात येऊन बसली. तशी वाढ केली नाही, तर वीजबिल थकते, मोटार बंद पडते आणि घागर घेऊन मैलभर जावे लागते ते घरच्या बायकांना. बुऱ्हाणनगर किंवा मिरी-तिसगाव यांसारख्या प्रादेशिक योजनांत तर एका योजनेवर कितीतरी गावे अवलंबून असतात. तेथे एका गावची थकबाकी दुसऱ्या गावाला तहानेली ठेवू शकते.

पट्टी भरली म्हणजे आपले काम संपले, असे मात्र नाही. पंचायतीच्या खर्चाला कायद्याने आणि नियमांनी बांध घातले आहेत. कर्मचाऱ्यांवरील खर्चाला उत्पन्नाच्या 35 टक्क्यांची मर्यादा आहे. स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. हे झाले की नाही, ते ग्रामसभेत उभे राहून विचारा. आकारणी चुकीची वाटली तर नमुना 8 चा उतारा मागा, आपले घर नीट मोजले आहे का ते पाहा. यादी प्रसिद्ध झाली की मुदतीत हरकत द्या. समाधान झाले नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते. आणि पैसे दिले की पावती घ्या. तोंडी "जमा झाले" याला हिशेबात किंमत नाही.

आपल्याच नगर तालुक्यातले हिवरे बाजार पाहा. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा ते दुष्काळी गाव होते. पुढे त्या गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पाडली. पाऊस किती पडला, माणसांना किती लागेल, जनावरांना किती, मग पिकांना किती उरेल, हे सर्वांदेखत ठरते आणि त्याप्रमाणे पिके घेतली जातात. आकडा सर्वांपुढे असला की कुरकुर कमी होते. पाण्याचा हिशेब जर चारचौघांत मांडता येतो, तर पैशाचा का नाही?

गुरुजींना एक विनंती. पंचायतीचा अर्थसंकल्प म्हणजे नमुना 1. त्यातले आकडे फळ्यावर लिहा आणि सातवीच्या मुलांना शेकडेवारी काढू द्या. दिव्यांवर किती, पाण्यावर किती, थकबाकी किती? ती मुले संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना विचारतील, "आपली पट्टी भरली का?" आणि पुढच्या ग्रामसभेत वडील सरपंचांना विचारतील, "आमच्या पट्टीचं काय केलंत?"

हे दोन्ही प्रश्न ज्या गावात मोकळेपणाने विचारले जातात, त्या गावचा दिवा सहसा विझत नाही.